काडतुसाची टोपी आणि तिची बैठक

पिस्तुलाचा चाप ओढला कीं गोळी सुटते, एवढें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु चाप आणि गोळी यांच्या दरम्यान तुरीच्या दाण्याएवढी एक वस्तु असते आणि सारा कारभार तिच्यावर अवलंबून असतो, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. ही वस्तु म्हणजे काडतुसाच्या बुडाशीं बसविलेली टोपी. कारखान्यांत तिला प्रायमर म्हणतात. ती नीट बसली असेल तर तिची कोणी आठवणहि काढीत नाहीं. केसभर वर राहिली, वांकडी गेली किंवा दाबांत चिरडली, तर मात्र हातांतलें शस्त्र ऐन वेळीं मुकें होतें, अथवा भलत्याच क्षणीं बोलूं लागतें. अशा प्रसंगीं लोक टोपीला दोष देतात. वस्तुतः तो दोष बहुधा टोपीचा नसून तिच्या बैठकीचा असतो. ही बैठक कशी असते, ती कशी बिघडते आणि बिघाड कसा ओळखावा, हें समजून घेण्यासारखें आहे.

वऱ्हाडांतील माणसाला हा विषय वाटतो तितका परका नाहीं. अकोल्यास पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. अमरावतीस राज्य राखीव पोलीस बलाचा नववा गट आहे. आणि पोलिसांचें शिक्षण म्हटलें कीं त्यांत नेमबाजी आलीच. सराव संपल्यावर झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेंचून, मोजून परत कराव्या लागतात, हेंहि पोलिसांच्या कुटुंबांतून सर्वांस माहीत असतें. अकोल्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी शेगांव, नांदुरा, मलकापूर हीं स्टेशनें मागें टाकून भुसावळच्या अलीकडे वरणगांवावरून जाते. या वरणगांवास १९६४ सालापासून सरकारी आयुध निर्माणी आहे आणि लहान शस्त्रांचीं काडतुसें बनविणें हें तिचें मुख्य काम आहे. याहून पुष्कळ जुना कारखाना पुण्याजवळ खडकी येथें १८६९ सालीं निघाला. २०२१ च्या ऑक्टोबरांत देशांतील आयुध निर्माण्यांची सात सरकारी कंपन्यांत वांटणी झाली, तेव्हां हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्याच्या कंपनीकडे गेले. शिवाय, रानडुकरें आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठीं शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत आहे. ठासणीच्या, म्हणजे विदर्भांत जिला भरमार म्हणतात त्या बंदुकीलाहि टोपीच लागते.

काडतुसाचे अवयव चार. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडांत धरलेली गोळी, पोटांतली दारू आणि बुडाशीं टोपी. पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागीं एक वाटोळी खोबण असते आणि खोबणीच्या तळाशीं दारूच्या बाजूस उघडणारें एक बारीक भोंक असतें. टोपी या खोबणींत दाबून बसवितात. टोपीचेहि तीन भाग असतात. एक मऊ धातूची उथळ वाटी. दुसरा त्या वाटीच्या तळाशीं लावलेला, आघातानें पेट घेणाऱ्या मिश्रणाचा थर. आणि तिसरा त्या थरावर टेकलेली दोन किंवा तीन पायांची इवलीशी ऐरण. टोपी बसली म्हणजे वाटीचा तळ बाहेर दिसतो व ऐरणीचे पाय आंत, खोबणीच्या तळावर टेकतात. चाप ओढल्यावर शस्त्रांतील सुई वाटीच्या तळावर आपटते, वाटी चेपते, आणि वाटी व ऐरण यांच्या कात्रींत सांपडलेलें मिश्रण भडकतें. तो भडका भोंकांतून आंत शिरतो व दारू पेटवितो.

या रचनेंतील मर्म ऐरणीच्या पायांत आहे. नारळ दगडावर आपटला तर फुटतो; उशीवर ठेवून त्यावर तितकाच घाव घातला तर फुटत नाहीं, कारण घावाचें बळ उशी गिळून टाकते. टोपीचेंहि तसेंच आहे. ऐरणीचे पाय खोबणीच्या तळावर घट्ट टेकले असतील तर सुईचा सगळा आघात मिश्रणाला मिळतो. पाय अधांतरीं राहिले असतील तर त्या आघातानें टोपी नुसती पुढें सरकते, मिश्रण चिमटलें जात नाहीं आणि बार उडत नाहीं. टोपी बसविण्याच्या साऱ्या शास्त्राचा उगम या एका गोष्टींत आहे.

ही टोपी आजच्या स्वरूपास येण्यास सुमारें साठ वर्षें लागलीं. आघातानें भडकणारें पाऱ्याचें एक संयुग, मर्क्युरी फल्मिनेट, इंग्लंडांतील एडवर्ड हॉवर्ड यानें १८०० सालीं प्रसिद्ध केलें. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोर्साइथ नांवाच्या एका धर्मोपदेशकास शिकारीचा नाद होता. गारगोटीच्या बंदुकीचा भडका आधीं दिसून पक्षी उडून जात, म्हणून त्यानें अशा आघाती मिश्रणानें बार पेटविण्याची युक्ति काढली व १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें मिश्रण तांब्याच्या वाटींत भरून ती टोपी बंदुकीच्या मागील पोकळ खुंटीवर चढविण्याची चाल पडली. १८५७ सालीं ज्या काडतुसांनीं एवढें रण माजलें, त्या काडतुसांत टोपी नव्हती. तीं चरबी लावलेलीं कागदी पुडकीं होतीं. दारू आणि गोळी पुडक्यांत असे. टोपी शिपायानें वेगळी काढून खुंटीवर चढवावयाची असे. ठासणीच्या बंदुकींत हीच व्यवस्था असते. खुंटीवर टोपी पुरती दाबली गेली नाहीं तर घोड्याच्या पहिल्या ठोक्यानें ती नुसती खालीं बसते व दुसऱ्या ठोक्यास बार उडतो, हा अनुभव असे हत्यार वापरणारांस नवा नाहीं. उशीवरच्या नारळाचीच ही गोष्ट आहे.

टोपी काडतुसाच्या बुडांत आल्यावर तिच्या दोन रीति झाल्या आणि दोन्ही १८६६ सालच्याच. इंग्लंडांत एडवर्ड बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्यानें ऐरण टोपीच्या आंतच बसविली व खोबणीच्या तळाशीं मधोमध एकच भोंक ठेविलें. अमेरिकेंत हायरम बर्डन यानें ऐरण पुंगळीच्या पितळांतच उठविली व तिच्या दोहों बाजूंस दोन बारीक भोंकें पाडलीं. मौज अशी कीं इंग्रजाची रीत पुढें अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत. झाडलेली पुंगळी पुन्हां वापरूं पाहणाराच्या दृष्टीनें या दोहोंत फार अंतर आहे. बॉक्सरच्या पुंगळींत मधल्या भोंकांतून एक सरळ सळई घातली कीं जुनी टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळींत तीच सळई थेट ऐरणीवर आपटते व मोडते.

पुंगळी पुन्हां वापरण्याचा विचार मुळांत सुचतो तो पितळेच्या गुणामुळें. काडतुसाचें पितळ शेंकडा सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असें असतें. बार उडतांच तें फुगून नळीला घट्ट चिकटतें आणि वायूला मागें येऊं देत नाहीं; दाब उतरतांच तें किंचित आकसतें, म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते. गोळी गेली, दारू जळली, टोपी चेपली. परंतु पुंगळी, म्हणजे काडतुसाचा सर्वांत किंमती भाग, जवळजवळ जशीच्या तशी हातांत राहते. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज कायद्याच्या मर्यादेंत राहून पिस्तुलाच्या पुंगळ्या पुन्हां भरतात. मात्र हें सर्वच काडतुसांना लागू नाहीं. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत राही सरनोबत यांनीं २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत स्वप्नील कुसळे यांनीं ५० मीटर रायफल प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. या दोन्ही प्रकारांत ०.२२ इंची काडतूस वापरतात. त्यास स्वतंत्र टोपी नसते. आघाती मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेंतच भरलेलें असतें व सुई ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हां सरळ होत नाहीं. म्हणून असें काडतूस एकदां झाडलें कीं त्याचें आयुष्य संपलें.

आतां बैठकीचीं मापें पाहावीं, म्हणजे हें काम किती नाजूक आहे तें समजेल. पिस्तुलाच्या टोप्या दोन आकारांच्या असतात. लहान टोपीचा व्यास सुमारें ४.४५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे १७५ सहस्रांश असतो. मोठीचा सुमारें ५.३३ मिलिमीटर, म्हणजे २१० सहस्रांश. टोपी खोबणीपेक्षां इंचाच्या एकदोन सहस्रांशांनीं मोठी असते, म्हणूनच ती दाबानें बसते व बसल्यावर हलत नाहीं. नीट बसलेल्या टोपीचा तळ पुंगळीच्या बुडाच्या पातळीच्या किंचित खालीं, साधारणतः तीन ते पांच सहस्रांश इंच, म्हणजे मनुष्याच्या एकदोन केसांच्या जाडीइतका आंत असावा लागतो. एवढ्याशा अंतरांत बरेंवाईट ठरतें.

बैठकीचे दोष नाना प्रकारचे दिसतात; पण शोध घेणारानें आधीं एकच प्रश्न विचारावा: टोपी वर राहिली, आंत गेलीच नाहीं, वांकडी गेली, सैल गेली, कीं चिरडली? या पांच प्रश्नांचीं उत्तरें पांच निरनिराळ्या कारणांकडे बोट दाखवितात.

सर्वांत सामान्य दोष म्हणजे टोपी वर राहणें. बुडावरून बोट फिरविलें तर ती बोटाला लागते. पुंगळी सपाट कांचेवर बुडावर उभी केली तर ती डुगडुगते. अशा काडतुसाची खूण ही कीं पहिल्या आघाताला तें उडत नाहीं, दुसऱ्याला उडतें. पहिल्या आघातानें टोपी तळाला गेली, दुसऱ्यानें बार उडाला, एवढाच त्याचा अर्थ. रिव्हॉल्व्हरांत वर राहिलेली टोपी मागच्या पत्र्यावर घासते आणि चक्र फिरेनासें होतें. आपोआप भरणाऱ्या शस्त्रांत धोका याहून गंभीर असतो. मागचा ठोकळा जोरानें पुढें येऊन वर आलेल्या टोपीवर आपटला तर शस्त्र पुरतें बंद होण्यापूर्वींच बार उडण्याचा संभव असतो. असें क्वचितच घडतें. परंतु घडलें तर पितळेचे तुकडे हाताडोळ्यांकडे येतात.

टोपी वर राहण्याचीं कारणें तीन. पहिलें, खोबणींत जुन्या टोपीची राख सांचलेली असते व ऐरणीचे पाय तळाला पोंचत नाहींत. खोबण खरवडून साफ केली कीं हा दोष जातो. दुसरें, बसविणाराचा हात किंवा यंत्र अपुरा दाब देतें. टोपी तळाला टेकल्याचा कठीण स्पर्श हाताला जाणवेपर्यंत दाब सावकाश वाढविला पाहिजे. तिसरें, खोबणच उथळ असते. हीं कारणें ओळखण्याची रीत सोपी आहे. एकाच कारखान्याच्या दहा पुंगळ्या घेऊन त्यांपैकीं पांचांच्या खोबणी साफ कराव्या, पांच तशाच ठेवाव्या आणि दोहोंत टोप्या बसवून पाहाव्या. साफ केलेल्या ठीक बसल्या तर दोष राखेचा. सर्वच वर राहिल्या तर दोष दाबाचा किंवा यंत्राचा. एकाच छापाच्या पुंगळ्यांत टोपी वर राहते व दुसऱ्या छापाच्या पुंगळ्यांत राहत नाहीं, तर दोष खोबणीचा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेंतला नियम येथेंहि तितकाच खरा आहे.

दुसरा दोष, टोपी आंतच न जाणें. येथें पहिला संशय लष्करी पुंगळीचा घ्यावा. सैन्याच्या काडतुसांत टोपी धक्क्यानें निसटूं नये म्हणून ती बसविल्यावर खोबणीच्या कांठाचें पितळ चहूंकडून आंत दाबून टाकतात, जणूं टोपीला कुंपणच घालतात. झाडल्यानंतर जुनी टोपी जोरानें बाहेर काढतां येते, पण दाबलेला कांठ तसाच उरतो. नवी टोपी त्या कांठाला अडते, तिची कड दुमडते आणि बसविणारास वाटतें कीं टोपीच खराब आहे. हा कांठ कापून किंवा दाबून मोकळा केल्यावांचून त्या पुंगळींत टोपी बसवूं नये. दुसरा संशय आकाराचा. ०.४५ इंची पिस्तुलाच्या पुंगळ्या कांहीं कारखाने मोठ्या टोपीच्या करतात, कांहीं लहान टोपीच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ढिगांत लहान खोबणीची एक पुंगळी मिसळली व तिच्यावर मोठी टोपी रेटली, तर टोपी चिरडते आणि कधीं कधीं भडकतेहि. तिसरा संशय बर्डन रीतीच्या पुंगळीचा. उजेडांत धरून तोंडांतून आंत पाहिलें तर एक भोंक आहे कीं दोन, हें तत्काळ दिसतें. चौथें एक क्वचित् सांपडणारें कारण असें कीं, जुनी टोपी काढतांना तिचा फक्त तळ फुटून येतो व वाटीचें कडें खोबणींत तसेंच राहतें. पुंगळ्यांच्या बुडावर कारखान्याचा छाप असतो. तो पाहून आधीं निवड केली तर यांतील बहुतेक घोटाळे मुळांतच टळतात.

तिसरा दोष, टोपी वांकडी किंवा उताणी बसणें. याचें मूळ सहसा पुंगळींत नसून यंत्रांत असतें. पुंगळीचें बूड धरणारी खाच सैल झालेली असते, दाबणारी दांडी झिजलेली असते, किंवा दोहोंचा मध्य एका रेषेंत नसतो. टोपी वांकडी शिरूं लागली कीं हाताला नेहमींपेक्षां वेगळा, करकरीत अडथळा जाणवतो. त्याच क्षणीं थांबावें. आणखी जोर करून ती सरळ होईल ही आशा व्यर्थ आहे. मिश्रण आघातानें पेटणारें आहे, हें हाताला विसरतां येत नाहीं.

चौथा दोष याच्या उलट. टोपी बोटाच्या दाबानेंच आंत जाते. नवशिक्यास हें सुख वाटतें, पण ही पुंगळीच्या म्हातारपणाची खूण होय. वारंवार भरल्यानें किंवा एखाद्या वेळीं दाब मर्यादेबाहेर गेल्यानें खोबण रुंदावलेली असते. अशा पुंगळींतून बाराच्या वेळीं वायु टोपीच्या कडेनें मागें झिरपतो व टोपीभोंवतीं काळें वर्तुळ उठतें. कधीं टोपीच गळून शस्त्राच्या यंत्रांत अडकते. या दोषाला औषध नाहीं. ती पुंगळी चेपून मोडींत टाकावी, म्हणजे चुकूनहि पुन्हां हाताशीं येणार नाहीं.

पांचवा दोष, टोपी अति दाबली जाणें. ऐरणीचे पाय तळाला टेकून मिश्रणावर किंचित ताण येणें इष्ट असतें. पण त्यापुढें दाबत गेलें तर वाटी चपटी होते, मिश्रणाच्या वडीला तडे जातात आणि ती झडून जागा सोडते. असें काडतूस दुसऱ्या आघातालाहि उडत नाहीं. येथें पहिल्या व पांचव्या दोषांतील भेद स्पष्ट होतो. दुसऱ्या ठोक्याला उडालेलें काडतूस बहुधा वर राहिलेल्या टोपीचें. कितीहि ठोके देऊन न उडालेलें काडतूस चिरडलेल्या किंवा भिजलेल्या टोपीचें. तेलाचा एखादा थेंब टोपींत मुरला तरी मिश्रण निकामी होऊं शकतें, म्हणून तेलकट बोटांनीं टोप्या हाताळूं नयेत. आणि बैठक, टोपी, पुंगळी सर्व निर्दोष असूनहि वाटीच्या तळावर सुईचा खड्डा उथळच दिसत असेल, तर शोध काडतुसांत न करितां शस्त्राच्या कमानींत करावा; ती मंदावलेली असण्याचा संभव मोठा.

या सर्वांतून एक नियम निघतो. टोपी अडली तर जोर वाढवावयाचा नाहीं, कारण शोधावयाचें. माणसाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. दार अडलें कीं तो धक्का मारतो. परंतु येथें दारामागें आग आहे. न उडालेली टोपी ठोकून बाहेर काढणें, टोप्या एकत्र बाटलींत भरून खुळखुळविणें, किंवा डोळ्यांवर चष्मा न घालतां त्यांशीं काम करणें, हे प्रकार म्हणूनच निषिद्ध मानले आहेत. एकत्र ठेवलेल्या टोप्यांपैकीं एक पेटली तर शेजारच्या सर्व पेटतात. आजच्या टोप्यांतील मिश्रणांत पाऱ्याच्या जागीं बहुधा शिशाचें संयुग, लेड स्टिफ्नेट, असतें. पाऱ्याच्या मिश्रणानें झाडलेल्या पुंगळीचें पितळ ठिसूळ होत असे, तो दोष त्यामुळें गेला. पण खोबणींतील राख शिशाची असल्यामुळें ती खरवडल्यावर हात धुतल्यावांचून अन्नास लावूं नयेत. नेमबाजीच्या मैदानावर काडतूस उडालें नाहीं तर शस्त्राचें तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावें, असा शिरस्ता आहे. कारण कधीं कधीं मंद पेटलेली टोपी क्षणभर उशिरानें बार उडविते.

आपल्या देशांत हें सर्व काम घरगुती छंदाचें नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पांचव्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा बनवितां येत नाहीं, आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनें या गुन्ह्यास किमान सात वर्षांची व अधिकांत अधिक जन्मठेपेची शिक्षा ठरविली आहे. कायद्याची ही कडक दृष्टि निष्कारण नाहीं. वरणगांव वा खडकीसारख्या कारखान्यांत जें काम यंत्रें, मापें आणि पारख यांच्या पहाऱ्यांत होतें, तें स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर अंदाजानें करणें म्हणजे केसाच्या जाडीवर आपला व शेजाऱ्याचा जीव टांगणें होय.

मग शहरांतील सुशिक्षित कुटुंबास या माहितीचा उपयोग काय? उपयोग दोन आहेत. जुन्या वाड्यांतून, आजोबांच्या ट्रंकेंतून, विहिरीच्या गाळांतून केव्हां केव्हां काडतूस हातीं लागतें. त्याच्या बुडाकडे पाहावें. टोपीवर सुईचा खड्डा नसेल तर तें काडतूस जिवंत आहे असें समजावें; खड्डा असून गोळी तोंडांत असेल तर तें न उडालेलें आहे, आणि तें अधिकच संशयास्पद. दोन्ही प्रसंगीं त्याला घांसूं नये, ठोकूं नये, उन्हांत वा चुलीजवळ वाळवूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये. जागच्या जागीं ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावें. वर्षानुवर्षें पडून राहिलें म्हणून तें निरुपद्रवी झालें असेल, ही समजूत घातक आहे.

दुसरा उपयोग विचाराच्या वळणाचा आहे. कोणतेंहि यंत्र बिघडलें कीं जो भाग डोळ्यांपुढें असतो त्याला आपण दोष देतों. काडतुसाच्या बाबतींत डोळ्यांपुढें असते ती टोपी; परंतु खरा दोष बहुधा तिच्याखालच्या राखेंत, दाबलेल्या कांठांत, रुंदावलेल्या खोबणींत किंवा झिजलेल्या दांडींत असतो. टोपी बदलून पाहण्याआधीं तिची बैठक पाहावी, आणि बैठक पाहतांना एका वेळीं एकच शंका निस्तरावी. शिवणयंत्राच्या सुईपासून पाण्याच्या पंपापर्यंत घरांतील कोणत्याहि यंत्राच्या बिघाडाचा शोध याच रीतीनें लवकर लागतो. अंतर एवढेंच कीं, तेथें चुकलें तर दोरा तुटतो; येथें चुकीला दुसरी संधि मिळेलच असें नाहीं.